सीमरच्या दारामागचा कागद: आंबा कॅनिंगमधल्या छापील सूचनांचं एक प्रकरण

डब्याला झाकण बसवणाऱ्या मशीनला कॅनिंगमध्ये सगळे सीमर म्हणतात. या प्रकरणातल्या सीमरच्या इलेक्ट्रिक पॅनेलचं दार उघडलं की आतल्या बाजूला सेलोटेपने चिकटवलेला एक झेरॉक्स दिसायचा. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा. वर लिहिलेलं: ‘सीमिंग – कामाची सूचना, आवृत्ती ०३’. त्याच दिवशी क्वालिटीच्या फायलीत आवृत्ती ०४ होती. ती रीतसर मंजूर होती, पाच ठिकाणी वाटल्याच्या पाच सह्याही होत्या. फाइल चोख होती, पण रात्रपाळीचं मशीन चाललं ते दारामागच्या कागदावर.

प्रकरण रत्नागिरी तालुक्यातल्या एका मध्यम आकाराच्या कॅनिंग युनिटचं म्हणून मांडलं आहे. युनिट अभ्यासासाठी उभं केलेलं आहे आणि त्यातले आकडे त्या युनिटपुरतेच आहेत. सीमच्या, म्हणजे डबा आणि झाकणाच्या दुमडलेल्या जोडाच्या, मर्यादा प्रत्येकाने आपल्या डबा पुरवठादाराच्या स्पेसिफिकेशनमधूनच घ्यायच्या.

काय घडलं

कॅनिंगचा हंगाम छोटा असतो. बाजारातला भाव उतरला की मेच्या मध्यापासून कॅनिंगचा आंबा किलोवर यायला लागतो, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला की संपतो. तेवढ्या दिवसांत युनिट तीन पाळ्यांत चालतं. एप्रिलमध्ये भिंतीवर लावलेला कागद जूनपर्यंत टिकला पाहिजे आणि मधल्या काळात काही बदललं तर ते चालत्या लाइनवर बदललं पाहिजे. खरी अडचण इथे आहे, कारण उरलेले नऊ-दहा महिने तोच कागद बंद हॉलमध्ये, दमट हवेत तसाच लटकत राहतो आणि पुढच्या हंगामात पहिल्या दिवसापासून पुन्हा ‘चालू’ होतो.

या हंगामात झाकणं बदलली. डबा तोच, ए-१० या मोठ्या मापाचा, आत ३.१ किलो पल्प. आधी झाकणाचा पत्रा ०.२८ मिलिमीटर होता, नवा ०.२५. बॉडीचा पत्रा ०.२५ तसाच. डबल सीममध्ये झाकणाच्या पत्र्याचे तीन थर आणि बॉडीचे दोन थर एकमेकांत दुमडलेले असतात, म्हणून सीमची जाडी काढायचा हिशोब सरळ आहे: झाकण गुणिले तीन, अधिक बॉडी गुणिले दोन, अधिक थरांमधली मोकळी जागा. ती मोकळी जागा इथे ०.१३ धरली होती. जुन्या झाकणाला ०.८४ अधिक ०.५० अधिक ०.१३, म्हणजे १.४७. नव्याला ०.७५ अधिक ०.५० अधिक ०.१३, म्हणजे १.३८. दोन्हीकडे ०.०५ ची सूट. त्यामुळे आवृत्ती ०३ मध्ये मर्यादा १.४२ ते १.५२ होती आणि आवृत्ती ०४ मध्ये १.३३ ते १.४३.

रात्री ११ वाजता पाळी बदलली. सीम डोळ्यांनी दर अर्ध्या तासाला पाहायची आणि दर चार तासांनी डबा फाडून मोजायची, अशी तिथली पद्धत. पहिल्या फाडणीत जाडी आली १.३८, म्हणजे नव्या झाकणाला जशी हवी तशीच. ऑपरेटरने दार उघडून कागद पाहिला. कागदाप्रमाणे आकडा कमी होता. त्याने दुसऱ्या ऑपरेशनचा, म्हणजे दुमडलेली सीम दाबून घट्ट करणारा, रोलर थोडा मागे घेतला आणि जाडी १.४६ वर आणली. रात्रीच्या केमिस्टने विचारलं, “दादा, आता बसतंय ना?” त्याने रजिस्टर दाखवलं. रजिस्टरच्या प्रत्येक पानावर वर छापलं होतं: ‘जाडी १.४२–१.५२’. पॅड मागच्या हंगामात छापलेलं होतं, उरलेलं वापरायला काढलं होतं. दोन कागद एकमेकांना दुजोरा देत होते आणि दोन्ही जुने होते.

१.४६ मधून पत्र्याचे १.२५ वजा केले की थरांमध्ये ०.२१ मोकळी जागा उरते. म्हणजे सीम सैल. हे वरून पाहून कळत नाही. डबा गरम भरलेला असतो, मग उकळत्या पाण्यात शिजतो आणि नंतर थंड पाण्यात उतरतो. थंड होताना आत व्हॅक्यूम तयार होतो आणि त्याच वेळी झाकणातला सीलिंग कंपाउंडचा थर गरमीने अजून मऊ असतो. सीम सैल असेल तर डबा त्या घडीला बाहेरचं पाणी थेंबाथेंबाने आत ओढतो, आणि त्याच्याबरोबर यीस्टही. हापूसच्या पल्पचा पीएच ४.६ च्या खाली असतो, त्यामुळे बोट्युलिझमचा धोका राहत नाही. पण यीस्टला आंबट-गोड रस पुरेसा होतो. चार-पाच दिवसांत गॅस धरतो आणि झाकण फुगतं.

पहाटे ३ वाजता रजिस्टरमध्ये १.४७. टाइटनेसच्या (सीम किती घट्ट बसली, ते टक्क्यांत) रकान्यात आकड्याऐवजी ‘ओके’. सकाळी ७ वाजता दिवसपाळीच्या केमिस्ट मॅडमनी मोजलं, पुन्हा १.४७. त्यांना नवी मर्यादा तोंडपाठ होती. त्यांनी रोलर दाबून घेतला, १.३९ आलं, आणि लाइन पुढे चालली. रात्रीच्या मालाबद्दल कुणी काही लिहिलं नाही, कारण रजिस्टरच्या छापील मर्यादेत १.४७ अगदी बरोबर बसत होतं. फॉर्मनेच चूक झाकली.

मधल्या आठ तासांतले थांबे आणि धुणं वजा केलं तर सहा तास लाइन चालली, मिनिटाला सहा डबे. २,१६० डबे, ६,६९६ किलो पल्प. पाचव्या दिवशी गोडाऊनमध्ये थप्पीतले काही डबे टिचकी मारल्यावर बद्द वाजले आणि दोन-तीन फुगलेले सापडले. कोडवरून पाळी कळली आणि संपूर्ण पाळीचा माल होल्डवर गेला. त्या मालाचं पुढे काय करायचं हा वेगळा विषय आहे. फुगलेला डबा परत वापरात येत नाही, एवढं इथे पुरे.

किती कागद होते

पहिल्या चर्चेत कारण लिहिलं गेलं: ‘ऑपरेटरने जुनी सूचना वापरली, प्रशिक्षण द्यावे’. हे कारण स्वीकारणं म्हणजे प्रकरण तिथेच पुरणं. ऑपरेटरने लेखी सूचना पाहिली आणि ती तंतोतंत पाळली. आपण माणसांना हेच शिकवतो.

मग हॉलमध्ये फिरून मोजणी झाली. यादीत पाच प्रती होत्या: सीमिंग विभागाचा बोर्ड, प्रयोगशाळा, प्रॉडक्शन ऑफिस, मेंटेनन्स आणि क्वालिटीची मूळ प्रत. बोर्डावर नवी आवृत्ती होती, पण बोर्ड सीमरजवळ नव्हता. कुकिंग टँकच्या वाफेने कागद खराब होतो म्हणून तो दोन वर्षांपूर्वी हात धुण्याच्या जागेजवळ हलवला होता, मशीनपासून चाळीस फुटांवर. प्रयोगशाळा आणि ऑफिस ठीक. मेंटेनन्समध्ये नवी प्रत पाकिटातच होती आणि टेबलाच्या काचेखाली जुनी. सही मात्र ‘मिळाली’ म्हणून झालेली.

यादीबाहेरचं जास्त निघालं. पॅनेलच्या दारामागे झेरॉक्स. ट्रेनिंगच्या फायलीत आवृत्ती ०३, नव्या हंगामी कामगारांना तिच्यावरूनच समजावून सांगितलेलं. सीम रजिस्टरची तीन कोरी पॅडं, जुन्या मर्यादा छापलेली. दोन फोनमध्ये बोर्डाचे फोटो, दोन्ही मागच्या वर्षीचे. फिटरच्या डायरीत पेनाने ‘सीम १४७’. आणि वजनकाट्याशेजारी रफ कामासाठी ठेवलेल्या पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात आवृत्ती ०३ ची चार पानं, एका बाजूला क्रेटचा हिशोब आणि दुसऱ्या बाजूला सीमचे आकडे. कागद वाचवायची सवय चांगली आहे, पण रद्द झालेल्या सूचनेची पाठकोरी बाजू हॉलमध्ये परत येऊ देऊ नये. कुणी घाईत पान उलटं ठेवलं की ती सूचना पुन्हा जिवंत होते.

दारामागचा झेरॉक्स कुणी लावला, हे शोधण्यात वेळ घालवला नाही. का लावला, हे समजायला मशीनसमोर पाच मिनिटं उभं राहणं पुरेसं होतं. हातात रबरी मोजे, समोर रोलर, बोर्ड चाळीस फुटांवर क्रेटच्या थप्पीआड. ज्याला आकडा लागतो तो आकड्याची प्रत हाताशी आणणारच.

मानक काय मागतं

आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत रद्द कागदपत्रांचा नकळत वापर होऊ नये असं कलम ४.२.३ मध्ये सरळ लिहिलं होतं. २०१५ च्या आवृत्तीत भाषा मोकळी झाली. कलम ७.५.३ म्हणतं की माहिती जिथे आणि जेव्हा लागते तिथे आणि तेव्हा उपलब्ध आणि वापरण्याजोगी असली पाहिजे, आणि वितरण, वाचनीयता, बदलांवरचं नियंत्रण, जतन आणि विल्हेवाट यांची सोय असली पाहिजे. अन्नसुरक्षेच्या आयएसओ २२०००:२०१८ मध्येही हाच ढाचा आहे. या युनिटने ‘वितरण’ पाळलं आणि ‘विल्हेवाट’ सोडून दिली. शिवाय चाळीस फुटांवरचा बोर्ड ‘जिथे लागते तिथे’ या अटीत बसतच नव्हता.

आणखी एक सवय इथे मोडून काढायला हवी. अनेक युनिटांत प्रत्येक पानाच्या तळाला छापतात: ‘छापील प्रत अनियंत्रित समजावी’. ऑफिसातल्या माणसाला हे वाक्य सोयीचं आहे, ऑडिटमध्ये ढालही बनतं. पण ज्या हॉलमध्ये हात ओले आहेत, कॉम्प्युटर नाही आणि मेमध्ये वीज केव्हाही जाते, तिथे मशीनवर लावायला कागदच असतो. त्याच कागदावर ‘अनियंत्रित’ लिहायचं आणि त्याच्यावरून काम करून घ्यायचं, हे चालणार नाही. त्या ओळीऐवजी प्रत कुठली आणि कुठे लावायची, ते छापायला हवं.

काय बदललं

प्रती किती, हे विभागांवरून ठरवणं बंद झालं. ज्या ठिकाणी उभं राहून माणूस आकडा वापरतो त्या ठिकाणी एक प्रत. सीमिंगसाठी अशा चार जागा निघाल्या: सीमरचा खांब, डबा फाडायचं टेबल, फिटरचं कपाट, ट्रेनिंगची फाइल. मूळ प्रत वेगळी. ऑफिसची प्रत काढून टाकली, कारण तिथे कुणी सीम बसवत नाही. प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरात जागेचं नाव छापलं: ‘प्रत २ – सीमरचा खांब’. ही प्रत दुसरीकडे दिसली की ती चुकीच्या जागी आहे हे वाचता येणाऱ्या कुणालाही कळतं.

कागदाचा रंग हंगामाप्रमाणे. यंदा फिका पिवळा, पुढच्या वर्षी फिका हिरवा. युनिटमधलं झेरॉक्स मशीन काळं-पांढरं आहे, त्यामुळे पिवळ्या पानाची प्रत काढली की ती पांढरी येते. नियम एका वाक्याचा: हॉलमध्ये सूचनेचा पांढरा कागद दिसला तर तो काढा आणि क्वालिटीत द्या, लावणाऱ्याला कुणी रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. रागावणं सुरू झालं की झेरॉक्स दारामागे जातात. आणि असा पांढरा कागद सापडला की त्या जागी प्रत कमी आहे असं समजून तिथे रीतसर प्रत द्यायची.

देवाणघेवाण हातोहात. नव्या पानाबरोबर क्वालिटीचा माणूस स्वतः जातो, जुनं उतरवतो, नवं लावतो, आणि रजिस्टरमध्ये ‘नवी लावली’च्या शेजारी ‘जुनी परत घेतली’चा रकाना भरतो. जुनी मिळाली नाही तर तसं लिहून शोध होतो. रकाना मोकळा असेपर्यंत बदल पूर्ण धरत नाहीत. परत आलेल्यांतली एक प्रत ‘रद्द’ शिक्का मारून फायलीत, बाकीच्या आडव्या-उभ्या फाडून टाकतात.

आता कागद टिकवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण झेरॉक्सची सुरुवात इथूनच झाली होती. इंकजेटचं पान वाफेत पसरतं, म्हणून लेझर प्रिंट. लॅमिनेशन २५० मायक्रॉनचं, आणि कागदाच्या चारी बाजूंनी किमान ५ मिलिमीटर प्लास्टिक एकमेकांना चिकटलेलं हवं. जुनी प्रत फ्रेममध्ये बसावी म्हणून कुणीतरी कडेने कात्री लावली होती. त्या कापलेल्या कडेतून पाणी चढलं, आकड्यांवर तपकिरी ढग आला आणि ‘४’ नेमका पुसट झाला. भोक पाडायचं असेल तर प्लास्टिकच्या मोकळ्या पट्टीत, कागदातून नाही. टाचणी, स्टेपल आणि काचेची फ्रेम हॉलमध्ये चालत नाही, कारण ती पल्पमध्ये पडू शकते. स्टेनलेसच्या पट्टीत दोन स्क्रूंनी पान अडकवलं, डोळ्यांच्या उंचीवर, वाफेच्या विरुद्ध बाजूला. दर सोमवारी ओल्या फडक्याने पुसायचं आणि हाताच्या अंतरावरून आकडे वाचता येतात का ते पाहायचं.

भाषा आणि आकडे. सूचना आधी इंग्रजीत होती. आता एकाच पानावर मराठी आणि हिंदी, वेगवेगळी पानं नाहीत. दोन पानं केली की एक मागे राहतं. आकड्यांवर मात्र वाद झाला. मराठी पानात देवनागरी आकडे शोभतात, पण डिजिटल मायक्रोमीटरवर आकडे इंग्रजी दिसतात. शिवाय देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा वाचला जातो. म्हणून मजकूर मराठीत आणि मापं उपकरणावर दिसतात त्याच आकड्यांत, जाड टाइपात. हा निर्णय योग्य होता. डोळा उपकरणावरून कागदावर जाताना त्याला भाषांतर करावं लागू नये.

सूचनेच्या मजकुरातही एक मूळ दोष होता. आवृत्ती ०३ मध्ये मर्यादा होती, पण ती कुठल्या पत्र्यासाठी आहे हे नव्हतं. नव्या पानाची पहिलीच ओळ: ‘लागू – झाकण ०.२५, बॉडी ०.२५. पत्रा वेगळा असेल तर मशीन लावू नका, क्वालिटीला बोलवा.’ खाली तीन अधिक दोन थरांचा हिशोब, चित्रासह. स्टोअरमधून झाकणांची पेटी निघते तेव्हा इश्यू स्लिपवर पत्र्याची जाडी लिहिलेली असते. ऑपरेटरने फक्त दोन आकडे जुळवायचे. ही ओळ जुन्या पानावर असती तर दारामागच्या झेरॉक्सनेही काम बिघडवलं नसतं. त्यावर ‘झाकण ०.२८’ वाचून ऑपरेटर थांबला असता. प्रती कितीही मोजल्या तरी एखादी निसटते, म्हणून कागदाने स्वतःच आपली हद्द सांगावी.

रजिस्टरचे फॉर्मही आता नियंत्रित कागद धरले जातात. ज्या फॉर्मवर मर्यादा छापलेली आहे तो फॉर्म म्हणजे सूचनाच, हे बहुतेक ठिकाणी लक्षात येत नाही. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), पीएच, भरण्याचं तापमान, थंड पाण्यातला क्लोरीन, सगळ्या रजिस्टरांना हे लागू आहे. फॉर्मच्या डोक्यावर सूचनेचा क्रमांक आणि आवृत्ती छापतात, एका वेळी दहा दिवस पुरतील एवढीच पानं काढतात, आणि सूचना बदलली की कोरी पॅडंही देवाणघेवाणीच्या रजिस्टरमध्ये येतात. टाइटनेसच्या रकान्याशेजारी टक्क्याचं चिन्ह छापलं, म्हणजे तिथे ‘ओके’ लिहिता येत नाही. मर्यादेबाहेर आकडा आला तर मागच्या चांगल्या फाडणीपासूनचा माल होल्ड करायचा, हे फॉर्मच्या तळाला छापलं आहे.

चालत्या हंगामात आकडा तातडीने बदलायचा असेल तर पेनाने खाडाखोड करायची नाही. लाल चिठ्ठी, त्यावर जुना आकडा, नवा आकडा, कारण, क्वालिटी आणि प्रॉडक्शन दोघांच्या सह्या आणि संपण्याची तारीख-वेळ, जास्तीत जास्त ७२ तास. चिठ्ठी चारही प्रतींवर एकाच पाळीत लागते. ७२ तासांत नवी आवृत्ती निघाली नाही तर चिठ्ठी उतरते आणि जुना आकडा परत लागू होतो. मुदत नसलेली चिठ्ठी हंगामभर राहते आणि पुढच्या हंगामात तिच्यावरच्या सह्या कुणाच्या हेही कळत नाही.

फोनवरचे फोटो पूर्ण बंद करता येत नाहीत, तसा दावा करू नये. बदल झाला की पाळीच्या सुरुवातीच्या उभ्या बैठकीत जुना आणि नवा आकडा मोठ्याने सांगतात, ‘जुने फोटो काढून टाका’ म्हणतात, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचनेचा फोटो टाकत नाहीत. फिटरच्या डायरीत आकड्यापुढे पत्र्याची जाडी लिहायची सवय लावली. डायरी काढून घेतली नाही, ती त्याच्या कामाची आहे.

आठवड्यातून एकदा फेरी. हातात यादी, वीस मिनिटं. यादीतल्या प्रती जागेवर आहेत का, हे पाहणं सोपं आहे. त्याहून जास्त वेळ यादीत नसलेल्या जागांना द्यायचा: पॅनेलची दारं, कपाटांच्या आतल्या बाजू, टेबलाच्या काचा, पाठकोऱ्यांचा गठ्ठा, टूलबॉक्सचं झाकण. पहिल्या फेरीत सीमिंगशिवाय इतर सूचनांचे सात अनधिकृत कागद निघाले, त्यातले दोन साका (हापूसच्या गरातला स्पंजासारखा खराब भाग) ओळखण्याच्या सूचनेचे, कटिंग टेबलाखाली चिकटवलेले. तिथे बायका वीसजणी बसतात आणि प्रत एकच होती, तीही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. दोन प्रती वाढवल्या.

पावसाआधी लाइन बंद होते त्या दिवशी सगळी पानं उतरतात. सीमिंगची चार, बाकी विभागांची त्यांच्या यादीप्रमाणे. मोजून, रजिस्टरमध्ये रकाना भरून ती क्वालिटीच्या कपाटात जातात. पट्ट्या रिकाम्या राहतात. एप्रिलमध्ये नव्या रंगाचं पान येतं तेव्हा आधी झाकणाची पेटी उघडून पत्रा मोजतात, मग पान छापतात.